सोंग आणि साक्ष

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला दरसाल एक नाटुकले बसवावे लागते आणि ते काम दरसाल माझ्याच गळ्यात पडते. मी चित्रकलेचा मास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ज्याला पडदे रंगवता येतात त्याला नाटकही कळत असणार, असा शिरूरात माझ्याविषयी समज आहे. चारदोन कादंबऱ्या नावावर असल्यामुळे तो मला खोडूनही काढता येत नाही. 'यंदा काय करायचे रे?' असे मुलांना विचारावे, तर उत्तर ठरलेले : 'सर, मोरूची मावशी!'

मुलांचे काही चुकत नाही. ब्रँडन टॉमस या इंग्रज नाटककाराच्या १८९२ सालच्या 'चार्लीज आंट'वरून आचार्य अत्र्यांनी ही मावशी मराठीत आणली, आणि ती अशी काही इथली झाली की तिचे माहेर विलायतेत होते हे सांगूनही कुणाला पटत नाही. पुढे विजय चव्हाणांनी तिला लुगडे नेसवून घरोघर पोहोचवले. बाप्या बाई होऊन वावरतो. रंगमंचावरच्या माणसांना ते ठाऊक नसते, आपल्याला असते. सारे हसू या वरचढपणातून येते. शेवटी टोप निघतो, सगळे खजील होतात, लग्ने जमतात. कुणाचे काही बिघडत नाही.

अत्रे आपल्याच जिल्ह्यातले, पुरंदर तालुक्यातल्या कोडीतचे. जन्म १८९८ सालचा. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत ते हेडमास्तर होते, आणि १९३३ साली त्यांचे 'साष्टांग नमस्कार' बालमोहन मंडळींनी रंगभूमीवर आणले. मागून 'भ्रमाचा भोपळा' आले, 'लग्नाची बेडी' आले. पण याच माणसाने १९३४ साली 'घराबाहेर'ही लिहिले. एक हात लोकांना हसवीत होता आणि दुसरा घरातल्या बाईचे दुःख मांडत होता. हे दोन्ही हात एकाच नाटकात एकत्र आले ते १९६२ साली, 'तो मी नव्हेच'मध्ये, असे मला वाटू लागले आहे. का, ते सांगतो.

मागल्या हिवाळ्यात दौंडला हौशी मंडळींनी हे नाटक केले. माझी चुलत बहीण दौंडला असते. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. न्हावरा, चौफुला, पाटस करीत संध्याकाळी तिच्याकडे पोहोचलो आणि दोघे मिळून प्रयोगाला गेलो. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा. नावे आणि वेष बदलून बायकांशी लग्ने करायची, पैसा-दागिना घेऊन पसार व्हायचे, हा त्याच्यावरचा आरोप. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज ही सारी सोंगे त्याचीच. आपला खटला तो आपणच लढवतो आणि साक्षीदारांची उलटतपासणीही आपणच घेतो. प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर ही भूमिका अनेक वर्षे गाजवली. दौंडला फिरता रंगमंच कुठला असायला! पोरे अंधारात खुर्च्या-टेबले हलवीत होती. तरी लोक पोट धरधरून हसत होते. मीही हसत होतो.

आक्का हसत नव्हती.

घरी परत येताना वाटेत ती एवढेच म्हणाली, "त्या बाया पुढं काय करत असतील रे?"

माझे हसू तिथेच आटले. आक्काचे पहिले लग्न असेच फसवून झाले होते. त्या गृहस्थाचा दुसरीकडे एक संसार आधीच होता. आमच्या पडवीत चार मोठी माणसे बसली, भांडीकुंडी परत आली, प्रकरण मिटले. आक्का तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिला कुणी काही विचारले नाही. मी तेव्हा लहान होतो. पुढे मोठा झालो, तरी मीही विचारले नाही.

शिरूरला आल्यावर नाटक पुन्हा वाचले. लंडनमध्ये १९५२ साली अगाथा ख्रिस्तीबाईंचे 'द माउसट्रॅप' सुरू झाले. त्यातला खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती तिथे प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षकांना करतात. गुपित फुटले की कोडे संपले! अत्र्यांनी गुपित ठेवलेलेच नाही. नाटकाचे नावच आरोपीचा कांगावा आहे. हा तोच, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते, अगदी मावशीच्या लुगड्यातला पुरुष ठाऊक असतो तसेच. युक्ती जुनीच आहे, पण हिशेब उलटा झाला आहे. मावशीच्या सोंगातून लग्ने जमतात. इथे लग्न हाच गुन्हा आहे. आणि आपण हसतो मात्र तेच जुने, वरचढपणाचे हसू.

इथे नाटककाराचा दोषही सांगितला पाहिजे. चुरचुरीत बोलणे जवळजवळ सगळे लखोबाच्या वाट्याला आले आहे. त्या बायका साक्ष द्यायला येतात आणि त्याच्या कोटीचे निमित्त होऊन जातात. अत्र्यांचा जीव त्या लबाडावर जडलेला आहे, हे लपत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. नाटक एका खऱ्या खटल्यावरून रचलेले आहे आणि अत्र्यांनी ते कोर्टातच ठेवले. तिथे प्रत्येक बाईला पिंजऱ्यात उभे करून विचारले जाते, काय घडले ते सांगा. आणि भरल्या सभेत ती सांगते. आमच्या पडवीत जे झाले नाही ते इथे होते. 'घराबाहेर' लिहिणारा हात मला इथे दिसला.

म्हणून हौशी मंडळींना एक सुचवावेसे वाटते. लखोबा कोण करणार हे तुम्ही पहिल्या दिवशी ठरवता आणि साक्षीदार बायकांच्या भूमिका उरतील त्यांना वाटता. एकदा उलटे करून पाहा. तुमच्याकडची उत्तम नटी साक्षीला उभी करा. ती बोलत असताना लखोबाने हशा मागू नये. तो नंतर मिळवायला त्याला सबंध नाटक पडले आहे.

हे सारे छापायला देण्याआधी दौंडला जाऊन आक्काला वाचून दाखवले. तिने दिवाळीचे लाडू वळता वळता ऐकले. म्हणाली, "असू दे. नाव तेवढं घालू नको." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि पुन्हा कुठं ते नाटक लागलं तर कळव. आता एकदा नीट बघते."

शाळेत यंदाही मावशीच आहे. लुगडे आक्का देणार आहे.