आकडा आणि उपकरण : कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींची चिकित्सा

जे मोजता येत नाही त्याचे ज्ञान अपुरेच, या आशयाचे लॉर्ड केल्विन यांचे १८८३ मधील प्रतिपादन विज्ञान व अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत वारंवार आढळते. मात्र मापन कोणत्या उपकरणाने झाले आणि मोजपट्टीवरील खुणेचे भौतिक राशीत रूपांतर कसे झाले, हे प्रश्न बहुधा प्रात्यक्षिकाच्या वहीवर सोपविलेले असतात. उपकरणाला सिद्धांताचा निमूट सेवक मानण्याची ही सवय कितपत ग्राह्य आहे, हे तपासण्यासाठी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील १८५९ च्या चुंबकीय नोंदी आणि त्यांवरील अलीकडचा वाद उपयुक्त ठरतो.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांच्या समूहात अकस्मात तेजस्वी प्रकाश दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर तीव्र भूचुंबकीय वादळ सुरू झाले. लंडनजवळील क्यू वेधशाळेत त्या काळचे अद्ययावत स्वयंलेखी उपकरण होते. चुंबकाबरोबर हलणारा प्रकाशबिंदू छायाचित्रणाच्या कागदावर रेषा उमटवीत असे. वादळाच्या भरात ती रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्यात मात्र ग्रब बनावटीच्या चुंबकमापीचे वाचन निरीक्षक डोळ्यांनी करीत. एरवी तासाला एक नोंद होई. क्षोभ जाणवला की दर पंधरा, प्रसंगी पाच मिनिटांनी. त्यामुळे २ सप्टेंबरला भूचुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात झालेली सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट वहीत उतरली. यावरून जुने उपकरण नव्याहून सरस होते असे ठरत नाही. वाचनाची वारंवारता घटनेनुसार बदलणारा माणूस हाही त्या मापनव्यवस्थेचा घटक होता, एवढेच निश्चित म्हणता येते.

‘नॅनोटेस्ला’ हा शब्दही येथे सावधपणे घ्यावयास हवा. टेस्ला हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९६० मध्ये स्वीकारले गेले. १८५९ च्या निरीक्षकाने टिपले ते मोजपट्टीवरील विभाग. त्यांना उपकरणाचा गुणांक लावावा लागतो; शिवाय तापमान वाढले की चुंबकाचे सामर्थ्य घटते, म्हणून तापमानाची दुरुस्तीही करावी लागते. या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १९१० मध्ये १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणे दोन भागांत प्रसिद्ध केली, तेव्हा पहिल्या भागाच्या शीर्षकातच आधारसामग्रीच्या जोडीला उपकरणांना स्थान दिले. घटनांची चर्चा दुसऱ्या भागासाठी राखली. ही केवळ संपादकीय सोय वाटू शकेल. पण तिच्यामागे आकड्याकडे पाहण्याची एक निश्चित भूमिका आहे. नंतरच्या अभ्यासकांनी आकडे उचलले. ती भूमिका तितक्या आस्थेने उचलली नाही.

२००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्षसिंग लखिना व सहकाऱ्यांनी या वादळाची तीव्रता ‘डीएसटी’ निर्देशांकात सुमारे उणे १,७६० नॅनोटेस्ला असावी असे सैद्धांतिक गणित मांडले आणि कुलाब्याच्या नोंदीचा त्यास आधार दाखविला. दुर्लक्षित दप्तर जागतिक चर्चेत आणण्याचे त्यांचे श्रेय वादातीत आहे. तुलना मात्र सदोष आहे. डीएसटी हा परस्परांपासून दूर असलेल्या चार वेधशाळांच्या तासिक मूल्यांवरून काढला जातो. कुलाब्याची नोंद एकाच स्थानाची आणि क्षणाची. २००६ मध्ये जॉर्ज सिस्को व सहकाऱ्यांनी त्याच वाचनांची तासिक सरासरी घेतली, तेव्हा आकडा उणे ८५० च्या आसपास आला. वही तीच, वाचने तीच; उत्तर मात्र निम्म्यावर!

निर्देशांकांच्या तुलनेपुरता सिस्को यांचा आक्षेप रास्त आहे. तथापि अभियंत्याचा प्रश्न निराळा असतो. वीजवाहिन्यांत आणि रोहित्रांत प्रेरित होणारा प्रवाह क्षेत्राच्या बदलाच्या वेगावर अवलंबून असतो, तासाच्या सरासरीवर नव्हे. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताचे वीजजाळे सुमारे ९० सेकंदांत कोसळले आणि साठ लाख लोक जवळपास नऊ तास अंधारात राहिले. त्या वादळाचा डीएसटी उणे ५८९ होता. अशा आपत्तीसाठी जाळे किती सक्षम असावे हे ठरविताना केवळ ‘उणे ८५०’ पुढे ठेवणे म्हणजे पाच-पाच मिनिटांनी टिपलेला तपशील सरासरीत पुसून टाकणे होय. उलट पाच मिनिटांचे अंतरही ९० सेकंदांच्या घटनेपुढे मोठेच आहे. तेव्हा कुलाब्याच्या नोंदींकडूनही मर्यादेपलीकडची अपेक्षा धरता येत नाही. दोन्ही पक्षांच्या मांडणीत वादळाची तीव्रता एका आकड्यात बसविण्याचा आग्रह दिसतो. कोणत्या प्रयोजनासाठी कोणता आकडा, ही चर्चा त्यात मागे पडते.

मूस यांच्या काळात या प्रश्नाला व्यावहारिक रूप आले होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे दिसू लागले, आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय वाचने दूषित होणार हे उघड होते. वेधशाळेचे हे काम अलिबागला हलविण्यात आले. तेथील इमारतीसाठी अचुंबकीय साहित्य वापरले गेले. ट्राम धावू लागल्या १९०७ मध्ये. परंतु त्यापूर्वी, १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे, कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेण्यात आली. या दुहेरी नोंदींमुळेच कुलाब्याच्या १८४६ पासूनच्या मालिकेला अलिबागची मालिका जोडता येते.