प्रेमचंद रायचंद यांची दानपत्रे : हेतू आणि फलश्रुती

प्रस्तावना : एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात व्यापाऱ्यांच्या दानाचा उल्लेख बहुधा रकमेच्या आकड्यापुरता मर्यादित राहतो. दान देताना लिहिलेल्या पत्राचे स्वतंत्र वाचन क्वचितच होते. कापूस व शेअर बाजारातील अग्रणी व्यापारी प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांची विद्यापीठांना उद्देशून असलेली दानपत्रे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

विवेचन : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा खुंटला आणि मुंबईच्या बाजारात अमाप पैसा आला. या तेजीच्या ऐन भरात, २७ ऑगस्ट १८६४ रोजीच्या पत्रान्वये प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या उभारणीसाठी दोन लाख रुपये देऊ केले. ही वास्तू शहराचे भूषण ठरावी आणि गतकाळातील व भावी पिढ्यांतील विद्वानांच्या ग्रंथांचे भांडार व्हावी, अशी त्यात अपेक्षा आहे. भूषण आणि भांडार हे दोन हेतू येथे शेजारी-शेजारी नांदतात.

६ ऑक्टोबर १८६४ च्या दुसऱ्या पत्रात हा तोल ढळतो. आणखी दोन लाख रुपये मोठे घड्याळ व घंटा असलेल्या मनोऱ्यासाठी आहेत आणि त्यास आई राजाबाई यांचे नाव द्यावयाचे आहे. मातृस्मृतीचा हा भाव आदरणीय आहे. तथापि दोन्ही पत्रांतील रक्कम वास्तूसाठीच आहे, ग्रंथखरेदीसाठी वा ग्रंथालयाच्या वार्षिक खर्चासाठी नाही. पुढे १८७८ मध्ये काम पूर्ण झाले. लोकस्मरणात राजाबाई टॉवर राहिला. त्याच्या पायथ्याशी असलेले ग्रंथालय मात्र दुय्यम ठरले.

कलकत्ता विद्यापीठाला १८६६ मध्ये दिलेले दोन लाख रुपये याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहेत. तेव्हा कापसाची तेजी ओसरली होती. त्यामुळे प्रेमचंद यांचे दातृत्व म्हणजे केवळ अनपेक्षित नफ्याचा ओघ, हे मत टिकत नाही. येथे विनियोगाचा निर्णय त्यांनी विद्यापीठावर सोपविला. विद्यापीठाने मूळ रक्कम राखून व्याजातून प्रेमचंद रायचंद विद्यार्थिवृत्ती सुरू केली. पुढे कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी हे तिचे एक मानकरी होत. मुंबईत आईचे नाव दगडी मनोऱ्याला मिळाले, तर कलकत्त्यात दात्याचे नाव अभ्यासकांच्या परंपरेला जोडले गेले.

निष्कर्ष : दाता एकच आणि दोन्हीकडील हेतू शुद्ध असूनही फलश्रुती भिन्न झाली. त्याचे एक कारण पत्रांतील अटींत आहे. मात्र दोष केवळ दात्याचा मानणे अन्यायाचे होईल. देणगी स्वीकारताना इमारतीबरोबरच तिच्यातील अध्ययनाचा आवर्ती खर्चही दात्यापुढे मांडणे, हे संस्थेचे कर्तव्य असते. नामफलकांच्या मोबदल्यात निधी मिळविणाऱ्या महाविद्यालयांनी या पत्रांचे वाचन त्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.