शोधपत्रिकेच्या प्रभावाचे मापन : इम्पॅक्ट फॅक्टरची चिकित्सा

१. प्रास्ताविक

एखाद्या शोधपत्रिकेचा संशोधनावर किती प्रभाव पडतो, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘ग्रंथमिती’ या घटकाखाली शिकवला जातो. त्याचे उत्तर म्हणून जो आकडा पुढे केला जातो, तो म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. हा आकडा आता ग्रंथालयापुरता राहिलेला नाही. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाप्रमाणेच मराठीच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या बढतीतही तो येऊन बसला आहे. म्हणून ग्रंथालयशास्त्राबाहेरच्या अभ्यासकांनीही त्याची घडण समजून घेतली पाहिजे.

या टिपणातील प्रतिपादन थोडक्यात असे : इम्पॅक्ट फॅक्टर ही एका व्यावहारिक प्रश्नासाठी काढलेली तोड होती. त्या प्रश्नापुरती ती उपयोगी आहे. मात्र तोच आकडा निबंधाची आणि व्यक्तीची योग्यता ठरवण्यासाठी वापरला की तो दिशाभूल करतो, आणि भारतीय भाषांतील शोधपत्रिकांच्या बाबतीत तर ती पत्रिका अस्तित्वातच नाही असे मानतो.

२. मूळ प्रश्न कोणाचा होता?

१९२७ मध्ये अमेरिकेतील ग्रॉस आणि ग्रॉस या दोन लेखकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. छोट्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे पैसा मोजका असतो. मग रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पत्रिकेतील निबंधांनी कोणकोणत्या नियतकालिकांचे संदर्भ दिले आहेत ते मोजले. ज्यांचे संदर्भ जास्त, ती आधी घ्यावीत. एका निबंधाने दुसऱ्या लेखनाचा असा संदर्भ देणे यालाच ग्रंथमितीत ‘उद्धरण’ म्हणतात.

१९५५ मध्ये यूजीन गारफिल्ड यांनी त्याच ‘सायन्स’मध्ये उद्धरणांची सूची तयार करण्याची कल्पना मांडली. पुढे त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केली. सूचीत कोणत्या पत्रिका घ्यायच्या हे ठरवताना अडचण आली. नुसती एकूण उद्धरणे मोजली तर भरपूर निबंध छापणाऱ्या मोठ्या पत्रिका वर येतात आणि थोडे पण महत्त्वाचे छापणाऱ्या लहान पत्रिका मागे पडतात. म्हणून गारफिल्ड आणि त्यांचे सहकारी आयर्विंग शेर यांनी एकूण उद्धरणांना निबंधांच्या संख्येने भागले. इम्पॅक्ट फॅक्टरचा जन्म असा झाला. लहान पत्रिकेवर अन्याय होऊ नये हा त्यामागचा हेतू होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ या वार्षिकातून हे आकडे प्रसिद्ध होऊ लागले. आज ते क्लॅरिव्हेट ही कंपनी प्रसिद्ध करते.

३. सूत्र आणि त्यातील फट

२०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचा असेल तर २०२२ आणि २०२३ मध्ये पत्रिकेत आलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली उद्धरणे अंशस्थानी घेतात. त्या दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची व आढावा-लेखांची संख्या छेदस्थानी येते.

समजा, एका पत्रिकेने दोन वर्षांत मिळून १०० निबंध छापले आणि त्यांना २०२४ मध्ये १५० उद्धरणे मिळाली. इम्पॅक्ट फॅक्टर १.५ झाला. आता समजा, त्या १५० पैकी १०० उद्धरणे एकाच निबंधाची आहेत. उरलेल्या ९९ निबंधांच्या वाट्याला ५० उद्धरणे आली. म्हणजे त्यातल्या जवळजवळ निम्म्या निबंधांना तरी एकही उद्धरण मिळाले नसणार. तरीही प्रत्येक लेखक आपल्या अर्जात १.५ हाच आकडा लिहितो.

सूत्रात आणखी एक फट आहे. संपादकीये, वाचकांची पत्रे, बातम्या यांना मिळालेली उद्धरणे अंशात मोजली जातात. पण हा मजकूर छेदात धरला जात नाही. कोणता मजकूर ‘निबंध’ मानायचा, या वर्गीकरणावर आकडा हलतो.

४. सरासरी काय लपवते?

वरचे उदाहरण काल्पनिक होते. प्रत्यक्षातले उदाहरण त्याहून ठळक आहे. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या स्फटिकशास्त्राच्या पत्रिकेच्या ‘ए’ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली सुमारे २ होता. २००९ साली तो जवळजवळ ५० झाला, आणि २०११ साली पुन्हा २ च्या आसपास आला. त्या दोन वर्षांत पत्रिकेचा दर्जा पंचवीस पट वाढून पुन्हा कोसळला होता का? तसे काही घडले नव्हते. जॉर्ज शेल्ड्रिक यांचा ‘शेलएक्स’ या संगणक-प्रणालीचा इतिहास सांगणारा एक लेख २००८ मध्ये त्या पत्रिकेत आला होता. ती प्रणाली वापरणाऱ्या संशोधकांनी त्या लेखाचा संदर्भ द्यावा असा संकेत असल्याने हजारोंनी तो दिला. लेख दोन वर्षांच्या खिडकीबाहेर गेला आणि आकडा खाली आला. त्या काळात त्याच विभागात निबंध छापलेल्या इतर लेखकांच्या कामात तसूभरही फरक पडला नव्हता.

उद्धरणांची वाटणी जवळपास सर्वच पत्रिकांत अशी विषम असते : थोड्या निबंधांकडे बरीचशी, बहुसंख्यांकडे थोडी किंवा शून्य. अशा वाटणीत सरासरी कोणत्याच निबंधाचे खरे चित्र देत नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. १९९७ मध्ये पेर सेग्लेन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हाच आक्षेप सविस्तर मांडला होता.

५. दोन वर्षांची खिडकी

१९४५ मध्ये ‘बुलेटिन ऑफ द कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी’ या पत्रिकेत सी. आर. राव या पंचविशीतल्या संख्याशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. आज जगभरातील संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असलेली क्रामेर–राव असमानता आणि राव–ब्लॅकवेल प्रमेय यांचे मूळ त्यात आहे. माहिती-भूमिती या पुढे विकसित झालेल्या शाखेचे बीजही त्यातच आहे. या कामासाठी राव यांना २०२३ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, संख्याशास्त्राचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक जाहीर झाले.

हा निबंध आजच्या मोजपट्टीला लावून पाहू. उद्धरणांची गणती १९४६ आणि १९४७ एवढीच. पत्रिका कोलकात्याची, एका स्थानिक विद्वत्संस्थेची. पुढे प्रमेय इतके रुळले की बहुतेक लेखक ‘राव–ब्लॅकवेल’ एवढे नाव लिहून थांबतात. मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची गरज त्यांना वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेकडे लक्ष वेधले होते : कल्पना ज्ञानात पूर्ण मुरली की तिचा उगम पुसला जातो. म्हणजे प्रभाव जितका खोल, तितकी उद्धरणे कमी होण्याची शक्यता. इम्पॅक्ट फॅक्टरला हा प्रभाव दिसूच शकत नाही.

पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर, चार वर्षांचा साईटस्कोअर असे आकडे पुढे आले. त्यांनी खिडकी थोडी रुंद केली, पण ती खिडकीच राहिली.

६. विषयाविषयांतील अंतर

उद्धरण देण्याची रीत प्रत्येक विषयात वेगळी असते. वैद्यकात निबंध भराभर येतात आणि संदर्भांच्या याद्या लांब असतात. गणितात यादी आखूड असते आणि वीस वर्षांपूर्वीचा निबंध ताजा मानला जातो. कर्करोगाची वार्षिक आकडेवारी देणाऱ्या एका अमेरिकी वैद्यकीय पत्रिकेचा २०२० चा इम्पॅक्ट फॅक्टर ५०० च्या वर होता. गणितातील अग्रगण्य ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’चा आकडा मात्र एक अंकी असतो. यावरून गणित हा विषय दुबळा ठरत नाही. स्निप आणि एसजेआर हे निर्देशांक विषयांतील अंतराची किंवा उद्धरण देणाऱ्या पत्रिकेच्या वजनाची दखल घेतात. तेवढ्यापुरते ते अधिक न्याय्य आहेत.

७. भारतातील वापर

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत शोधनिबंधांसाठी वाढीव गुणांची उतरंड दिली आहे. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या परीक्षित पत्रिकेतील निबंधाला ५ गुण. १ पेक्षा कमी असेल तर १०. १ ते २ असेल तर १५. २ ते ५ ला २०. ५ ते १० ला २५. आणि १० च्या वर असेल तर ३०. उतरंड सर्व विषयांना एकच.

आता तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या मुद्द्यातील आक्षेप या तक्त्याला लावून पाहावेत. गुण निबंधाला दिले जातात, पण मोजला जातो तो पत्रिकेचा आकडा. वैद्यक आणि गणित एकाच काट्यावर तोलले जातात. आणि मानव्यविद्यांचे काय? केवळ कला-मानव्यविद्यांच्या सूचीत असलेल्या पत्रिकांना २०२३ पर्यंत इम्पॅक्ट फॅक्टर दिलाच जात नव्हता. म्हणजे नियम झाला तेव्हा साहित्याच्या अभ्यासकासाठी वरच्या पायऱ्या बहुतांशी नव्हत्याच. मराठी, कन्नड किंवा ओडिया पत्रिकेत लिहिणाऱ्याची जागा तर ठरलेलीच : ५ गुण. बोलीचा शब्दसंग्रह, मोडी दफ्तरांचे संपादन, एखाद्या तालुक्यातील पाणीवाटपाचा अभ्यास हे काम ज्यांना उपयोगी आहे ते वाचक त्याच भाषेत वाचतात. परंतु गुणांचा तक्ता अभ्यासकाला त्या वाचकांपासून दूर जायला सांगतो.

या ओढीतून दोन विकृती आल्या. पहिली, बनावट आकडे. पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या पत्रिका भलत्याच संस्थांनी दिलेले ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ मुखपृष्ठावर मिरवू लागल्या. आयोगाला मे २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ पत्रिका काढाव्या लागल्या. दुसरी, आपापसांतील उद्धरणांची देवघेव. हा दोष केवळ भारताचा नाही. ब्राझीलमध्ये पदव्युत्तर विभागांचे मूल्यमापन पत्रिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर होत असे. तिथल्या चार वैद्यकीय पत्रिकांनी एकमेकींना उद्धरणे पुरवल्याचे आढळल्याने २०१३ मध्ये त्यांचे आकडे रोखले गेले. ज्या मापावर बक्षीस लावले जाते, ते माप माप राहत नाही. अर्थशास्त्रात गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

८. आकड्याच्या बाजूने

एवढे म्हटल्यावर आकडा टाकून द्यावा, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. ‘आता तज्ज्ञांनी निबंध वाचून ठरवावे’ हे उत्तर ऐकायला चांगले आहे. पण निवड समितीत ओळखपाळख, गटबाजी आणि जात चालते त्या ठिकाणी, ज्याच्या मागे कोणी नाही अशा उमेदवाराला आकड्याचाच आधार असतो. ‘माझा निबंध अमुक पत्रिकेत आहे’ हे कोणाला नाकारता येत नाही. इम्पॅक्ट फॅक्टरची लोकप्रियता केवळ आळसातून आलेली नाही. तज्ज्ञांच्या निःपक्षपातीपणावरील अविश्वासातूनही ती आली आहे. त्यामुळे पर्याय सुचवताना तो तपासता येण्याजोगा आणि लेखी असला पाहिजे.

२०१२ साली आखलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा पत्रिकेचा आकडा व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी वापरू नये असे सांगतो. २०१५ चा लायडेन जाहीरनामा आकडे नाकारत नाही. ते तज्ज्ञांच्या निर्णयाला पूरक असावेत आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण व्हावे असे म्हणतो. भारतीय भाषांच्या दृष्टीने हा दुसरा मुद्दा कळीचा आहे.

९. पत्रिकेसाठी पर्यायी तपासणी

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ यादीही बंद केली आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी विद्यापीठे व महाविद्यालयांवर सोपवली. अशा वेळी पुढील बाबी लेखी नोंदवता येतील :

• सरासरीऐवजी वाटणी : गेल्या दहा वर्षांतील किती निबंधांना एकही उद्धरण नाही, मध्यक किती, वरच्या निबंधांचा वाटा किती.
• तुलना त्याच विषयातील आणि शक्यतो त्याच भाषेतील पत्रिकांशी.
• उद्धरणसूचीबाहेरचा वापर : ‘शोधगंगा’वरील प्रबंध, अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, कोश, न्यायनिवाडे, शासकीय अहवाल यांत पत्रिकेचा उल्लेख कुठे येतो.
• संपादनाची शिस्त : अंक वेळेवर निघतो का, परीक्षणाची पद्धत जाहीर आहे का, चुकांची दुरुस्ती छापली जाते का, जुने अंक उपलब्ध आहेत का.
• लेखकाचे मूल्यमापन करताना पत्रिकेऐवजी त्याचे निवडक तीन निबंध, आणि परीक्षकाचे सही असलेले सकारण मत.

यातील तिसरे काम कष्टाचे आहे आणि ते कोणतीही कंपनी करून देणार नाही. पण ग्रॉस आणि ग्रॉस यांनीही संदर्भ हातानेच मोजले होते, आणि ते आपल्या वाचकांची गरज ओळखून. भारतीय भाषांतील पत्रिकांच्या उद्धरणांची सर्वसमावेशक नोंद आजही अपुरी आहे. ती होत नाही तोवर ‘इम्पॅक्ट फॅक्टर नाही’ याचा अर्थ ‘मोजले नाही’ एवढाच घ्यावा. ‘प्रभाव नाही’ असा घेऊ नये.

१०. स्वाध्याय

१. एका पत्रिकेने दोन वर्षांत ८० निबंध छापले व पुढील वर्षी त्यांना १२० उद्धरणे मिळाली. इम्पॅक्ट फॅक्टर काढा. यातील ९० उद्धरणे दोन निबंधांची असतील तर उरलेल्या निबंधांची सरासरी किती?
२. आपल्या भाषेतील एक शोधपत्रिका निवडा. ‘शोधगंगा’वरील आपल्या विषयाच्या वीस प्रबंधांत तिचे संदर्भ किती वेळा आले आहेत ते मोजा, आणि मिळालेल्या आकड्याच्या मर्यादा लिहा.
३. ‘आकडा हा दुर्बलाचा आधार आहे’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.