दोन माणसांचा घोळका : आनंद-मिलिंद शिंदे ऐकताना

आधी एक घोळ निस्तरतो. नेटवर नुसतं 'आनंद-मिलिंद' शोधलंत तर समोर येतात ते हिंदी सिनेमाचे संगीतकार, चित्रगुप्त यांचे मुलगे, 'कयामत से कयामत तक'वाले. मला हवेत ते दुसरे. प्रल्हाद शिंदे यांचे मुलगे, आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे. माझ्या पीएचडीचा विषय नव्वदच्या दशकातल्या कॅसेटवरची भीमगीतं हा आहे, त्यामुळे या घोळात माझे रोज दहा मिनिटं जातात.

मध्यंतरी विभागातल्या एका मित्राने मला 'वीन' ऐकवलं. अमेरिकेतली नव्वदच्या दशकातली जोडी. दोघं मित्र, भाऊ नव्हेत, पण स्टेजवर एकच आडनाव लावणारे. त्यांचा 'द पॉड' १९९१ चा, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर भाड्याच्या घरात केलेला. आवाज गढूळ, खरखर भरपूर, आणि त्या खरखरीतच मजा. मित्र म्हणाला, याला अंडरग्राउंड म्हणतात. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. पण ऐकताना सारखा आठवत होता आमच्या नाशिकरोडच्या गल्लीतला एप्रिल महिना, खांबाला बांधलेला भोंगा आणि त्यातून येणारे हे दोन भाऊ.

आता तुम्ही म्हणाल, शिंदे बंधू कसले अंडरग्राउंड? आनंद शिंदेंचं 'नवीन पोपट हा' कुठल्या लग्नात वाजलं नाही? बरोबर आहे. ऐकणारे कमी होते असं मी म्हणतच नाहीये. पण मराठी भावगीतावर, नाट्यसंगीतावर पुस्तकं मिळतात, गायकांच्या मुलाखती मिळतात, कुठलं गाणं कधी ध्वनिमुद्रित झालं ते मिळतं. शिंदे बंधूंच्या कॅसेटचं कव्हर मिळालं तरी मी तो दिवस चांगला मानतो. बऱ्याच कव्हरवर साल नाही. वादकांची नावं तर विसराच. जे सगळ्यांच्या डोक्यावर वाजत होतं, ते लिहिणाऱ्यांच्या लेखी जमिनीखाली होतं.

मुळात या दोघांच्या गाण्यात आहे काय? मला विचाराल तर सगळी गंमत दुसऱ्या आवाजात आहे.

आनंद शिंदेंचा आवाज भरदार, वरच्या सुरात फाटेल की काय असं वाटायला लावणारा. तो फाटत नाही, पण काठावर जाऊन उभा राहतो. मिलिंद शिंदेंचा त्यामानाने गोलसर, ओळ नीट खाली ठेवणारा. सिनेमातल्या युगुलगीतात दोन आवाज वेगळे ओळखू यावेत अशी सोय असते. इथे उलटं. अंतरा एकाने उचलायचा आणि धृपदाला दोघांनी एकाच पट्टीत तुटून पडायचं. ही रीत कव्वालीची. प्रल्हाद शिंदे कव्वालीही गायचे. तिथे मुख्य गायक ओळ टाकतो आणि पार्टी ती झेलते. मुलांनी ती पार्टी दोघांत बसवली.

यामागचं थोडं विज्ञान सांगतो, कारण माझ्या एका प्रकरणाचा जीव त्यातच आहे. दोन माणसं एकच स्वर लावतात तेव्हा तो तंतोतंत एक कधीच नसतो. एकाचा २२० हर्ट्झवर आणि दुसऱ्याचा २२२ वर असेल तर सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि बसतो. गळा काही यंत्र नाही, फरक सतत बदलत राहतो. कानाला मग दोन माणसं ऐकू येत नाहीत, घोळका ऐकू येतो. त्यात कॅसेटवरून कॅसेट भरली की वरच्या पट्टीतला बारीक आवाज आधी जातो आणि खरखर वाढते. भोंगा तर खालचंही खातो, म्हणजे ढोलकीचा घुमारा गेला. उरतो मधला पट्टा, माणसाच्या गळ्याचा आणि बेंजोचा. चौथ्या कॉपीवर, फुटक्या भोंग्यातून, शालिमारच्या गर्दीतसुद्धा जे पोचेल तेच नेमकं हे दोघं गात होते. त्यांनी ते ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण जयंतीच्या स्टेजवर आयुष्य गेलेल्या बापाच्या पोरांना कुठला आवाज पोचतो हे कळत नसेल, हेही मला पटत नाही.

आणि विषयाला हा घोळका शोभतो. बाबासाहेबांवरचं गाणं एकट्याने आळवून म्हणायचं गाणं नव्हेच. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली याच गावात सुरू झाला, वामनदादा कर्डक इथल्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जलशात गाणं म्हणजे समोरच्यांना बरोबर घ्यायचं काम. कॅसेटमध्ये समोर कुणी नसतं. तिथे दुसरा भाऊ समोरच्यांची जागा घेतो. तो पहिला श्रोताही आणि पहिला साथीदारही.

सगळंच चांगलं होतं असं नाही. कॅसेटी भराभर निघायच्या, कीबोर्डचे तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात, हिंदी गाण्यांच्या चाली सरळ उचललेल्या. त्या काळच्या द्व्यर्थी गाण्यांच्या लाटेतली काही आज ऐकताना बाईकडे बघायची नजर खटकते, आणि 'त्या काळी चालायचं' म्हणून मी ती सोडून देणार नाही. पण एक सोयीस्कर लबाडी मात्र बरीच चालली. पोपटाच्या गाण्याकडे बोट दाखवायचं आणि त्याच गळ्यातली भीमगीतं न ऐकताच बाद करायची. वडिलांचं 'पाऊले चालती पंढरीची वाट' आषाढीला घराघरांत लागतं, तेव्हा गाणारा कोण हे कुणी विचारत नाही.

ही लबाडी मीही केली आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी, हॉस्टेलला, वडिलांनी दिलेल्या चार कॅसेटी मी ट्रंकेत तळाशी ठेवल्या होत्या आणि वर निर्वाणा. रूममेटने विचारलं तर म्हणालो, आमच्या अण्णांच्या आहेत. अण्णांच्याच होत्या, पण मी ते ज्या सुरात म्हणालो तो मला अजून ऐकू येतो.

त्यातल्या दोन आता बुरशीने गेल्यात. तिसरीवर कव्हर नाही, अण्णांच्या अक्षरात नुसतं 'शिंदे, जयंती' लिहिलंय. मागच्या रविवारी ती डिजिटल केली. बी साइडला एका गाण्याच्या मध्येच गाणं तुटतं आणि तीनेक सेकंद आमच्या घरातला आवाज येतो. कुणीतरी चुकून रेकॉर्डचं बटण दाबलेलं. भांड्याचा आवाज, अण्णा काहीतरी ओरडतायत, आणि मग पुन्हा दोघं भाऊ धृपदावर.

तुमच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील तर भंगारात घालू नका. कव्हर नसलं तरी चालेल. आधी मला कळवा, मी येऊन घेऊन जातो आणि भरून परत देतो.