पाण्यावरचं ऊन आणि होडीतली माणसं

आमच्या बारडोलीच्या घरात, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर एक मोठा काळा-पांढरा फोटो लावलेला आहे. राजापुरीहून जंजिऱ्याकडे निघालेली शिडाची होडी, भोवती चकाकणारं पाणी, मागे किल्ल्याची काळी रेघ. येणारं-जाणारं माणूस त्याच्यासमोर थांबतंच. "कॅलेंडरमधला का हो?" म्हणून विचारतात. काढलाय माझ्या नणंदेच्या मुलानं. फोटो उत्तम आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याविरुद्ध बोलणार आहे.

त्या होडीत माझ्या सासूबाई बसल्या आहेत. कुठे, ते मला बोट ठेवून दाखवावं लागतं.

त्यांचा चौविहार असे. सूर्यास्ताच्या आत परत येऊन जेवण उरकायला हवं, म्हणून आम्ही दुपारी तीनलाच निघालो. फोटो काढणाऱ्यांना सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन लागतं म्हणतात. आमच्या वाट्याला हे असं डोळे दिपवणारं आलं. आम्ही दोन होड्यांत विभागलो होतो. भाचा मागच्या होडीत, किल्ला पश्चिमेला, म्हणजे सूर्य बरोबर समोर.

मग काय होतं ते त्यानंच मला समजावलं. पाणी इतकं उजळ असलं की कॅमेरा फसतो. प्रकाश फार झाला असं समजून तो कमी प्रकाश आत घेतो, आणि होडीची सावलीची बाजू काळी पडते. भाच्याला हे ठाऊक होतं. त्यानं मुद्दामच आणखी थोडा प्रकाश कमी केला, पाण्यावरचा एकेक ठिपका सुटा दिसावा म्हणून. तो दिसतोही. कढईत मोहरी तडतडावी तसं पाणी तडतडतंय. शिडाचं कापड जुनं, त्यातून ऊन पार येतंय, त्यामुळे त्याची शिवण आणि ठिगळं स्पष्ट दिसतात. शिडाची ठिगळं मोजता येतात, पण खाली बसलेली माणसं मोजता येत नाहीत. सगळी मिळून एक काळा ढीग.

काळा-पांढरा का केलास, म्हणून मी त्याच्याशी भांडले नाही. रघुवीर सिंहांसारखे मोठे छायाचित्रकार आपला देश रंगातच दाखवायला हवा असा आग्रह धरत आले, आणि बाजार, घाट, लग्नघर यांच्या बाबतीत मला तो पटतो. पण भर दुपारी सूर्याकडे तोंड करून पाहिलं तर त्या खाडीत रंग उरतात कुठे? डोळ्यांनाही काळं आणि पांढरंच दिसत होतं. तेव्हा रंग काढून टाकले ही काही लबाडी नाही. माझी तक्रार आहे ती काळ्याबद्दल.

असल्या फोटोंचा मूळपुरुष म्हणता येईल असा एक फ्रेंच माणूस होता, गुस्ताव्ह ल ग्रे. 1856 साली त्यानं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या एका शिडाच्या जहाजाचा फोटो काढला. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हवर आकाश बहुधा नुसतं कोरं उमटायचं. यानं ढगाआडच्या सूर्याकडेच कॅमेरा रोखला आणि ढग, पाण्यावरची लकाकी, जहाज, सगळं एकाच निगेटिव्हमध्ये पकडलं. फोटो इतका गडद उतरला की लोकांना ते चांदणंच वाटलं. भर दिवसाची रात्र! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याची प्रत आहे. मी अर्थातच पुस्तकात पाहिली. पाहताना मनाला काहीही टोचलं नाही. ते जहाज दूर आहे, त्यावर कोण आहे हे विचारावंसंही वाटत नाही. काळोख त्याला परवडतो.

आमच्या होडीला तो परवडत नाही. ती वीसेक हातांवर आहे. सुकाणूशी जो काळा आकार उभा आहे, त्यानं "आजी, इथं पाय ठेवा" म्हणत सासूबाईंना जवळजवळ उचलून आत घेतलं होतं. आमच्या बारडोलीत पाणी म्हणजे मिंढोळा नदी आणि उसातले पाट. समुद्रातल्या होडीत पाय टाकायला त्या फार घाबरल्या होत्या. तो माणूस फोटोत आहे ते शिडाला शोभा म्हणून. एवढ्या जवळून काढलेल्या चित्रात माणसांचा नुसता आकार करून टाकायचा, तर त्याला काही कारण हवं. 'छान दिसतं' हे मला पुरेसं वाटत नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा शेवटचा चांगला फोटो शोधायला निघालो, आणि हाच निघाला.

मी भाच्याला म्हटलं, काळं उघडून बघ की. तो नाखुशीनं लॅपटॉप घेऊन बसला. जसजसं काळं उजळत गेलं तसं पाणी चुना फासलेल्या भिंतीसारखं सपाट झालं. शिडाची ठिगळं गेली. सगळ्यावर रव्यासारखे दाणे आले. आणि त्या दाण्यांतून सासूबाई वर आल्या. डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, एका हातानं फळी पकडलेली, मांडीवर उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली. तोंड उघडं. ओरडताहेत की हसताहेत, कळत नाही. मागे होडीवाला त्यांच्याचकडे बघतोय.

"मामी, हा फोटो राहिला नाही आता," भाचा म्हणाला.

त्याचं खरंही असेल. तरी मी त्याची पोस्टकार्डाएवढी प्रत काढून घेतली. मोठा फोटो भिंतीवर तसाच आहे, तो उतरवावा असं मला कधी वाटलं नाही. छोटा सासूबाईंच्या कपाटात, त्यांच्या जपमाळेच्या डबीखाली ठेवलाय. नणंद माहेरी आली की आधी भिंतीपाशी थांबते, लेकाचं कौतुक करते, आणि मग चपला काढून आतल्या खोलीत जाते. थोड्या वेळानं कपाटाचं दार वाजतं.