‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ : एका निषेधगीताचे शब्द आणि त्याची पुनर्गायने

प्रास्ताविक

रेगे हा संगीतप्रकार जमैकामध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस आकारास आला आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. या अर्धशतकात रेगे जगभर पोहोचले. मात्र बॉब मार्ली व आणखी काही मोजकी नावे वगळली, तर ते पुष्कळदा मूळ गायकांच्या कंठातून नव्हे, तर इतरांनी केलेल्या पुनर्गायनांतून पोहोचले. संगीतव्यवसायात ज्याला ‘कव्हर व्हर्जन’ म्हटले जाते, त्या या पुनर्गायनाविषयी समीक्षेत एक ठरीव मत आढळते. मूळ गीत बंडखोर, पुनर्गायन बाजारू. मूळ गीतात समाज बोलतो, पुनर्गायनात नफा बोलतो. या मतात तथ्य नाही असे नाही. परंतु ते इतके सोयीचे आहे की, त्याच्या आधारे गीताचे शब्द प्रत्यक्ष तपासण्याची गरजच उरत नाही.

‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे गीत या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. ‘द मेलोडियन्स’ या जमैकन गायकत्रयीने ते १९७० मध्ये ध्वनिमुद्रित केले. १९७८ मध्ये पश्चिम जर्मनीतील ‘बोनी एम’ या समूहाने ते पुन्हा गायिले आणि ते जगातील सर्वाधिक खपाच्या गीतांपैकी एक झाले. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील घरांत जी कॅसेट वाजत असे, ती बोनी एमची. मेलोडियन्सचे नाव त्या श्रोत्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. दोन्ही आवृत्त्यांची चाल एकच आहे आणि शब्दही जवळजवळ तेच आहेत. प्रस्तुत विवेचन या ‘जवळजवळ’विषयी आहे.

स्तोत्र आणि गीत

गीताचा आधार बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी बॅबिलोनियन सत्तेने जेरुसलेमचा पाडाव केला आणि तेथील यहुदी लोकांना बंदिवान करून नेले. १३७ वे स्तोत्र हा त्या बंदिवानांचा शोक आहे. ते परक्या देशातील नद्यांच्या काठी बसून रडतात आणि आपली वाद्ये झाडांना टांगून ठेवतात. त्यांना पकडून आणणारे लोक करमणुकीसाठी त्यांना त्यांच्याच देशातली गाणी म्हणून दाखवायला सांगतात. आणि परक्या भूमीत देवाचे गाणे गावे तरी कसे, असा प्रश्न ते विचारतात. पुढे जेरुसलेमला कधीही न विसरण्याची प्रतिज्ञा येते आणि शेवटी शत्रूच्या तान्ह्या मुलांपर्यंत जाणारा सूडाचा शाप येतो.

स्तोत्र अवघ्या नऊ कडव्यांचे आहे. तथापि गुलामगिरीच्या इतिहासात त्याला मोठे स्थान मिळाले. अमेरिकन गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे केलेल्या सुप्रसिद्ध भाषणात या स्तोत्राचा आधार घेतला होता. ज्यांचे स्वातंत्र्य हिरावून घेतले आहे, त्यांनाच स्वातंत्र्याच्या उत्सवात गायला सांगणे हा क्रूर विनोद आहे, हा त्यांचा मुद्दा होता. गाणे मागणारा आणि गाणे गाणारा यांच्यातील सत्तासंबंध हा या स्तोत्राचा गाभा आहे. पुढे बोनी एमचा विचार करताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मेलोडियन्सचे ब्रेंट डाव आणि ट्रेव्हर मॅक्नॉटन यांनी गीत रचताना स्तोत्रातून काय घेतले आणि काय वगळले, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. नद्यांचा काठ, रडणे, बंदी करणाऱ्यांची मागणी आणि तो प्रश्न, एवढेच त्यांनी घेतले. टांगलेली वाद्ये गळाली. जेरुसलेमची प्रतिज्ञा गळाली. सूडाचा शापही गळाला आणि त्याच्या जागी १९ व्या स्तोत्राच्या अखेरची नम्र प्रार्थना आली. मुखातले शब्द आणि अंतःकरणातले चिंतन तुला मान्य होवो, असा तिचा आशय आहे. याचा अर्थ, ज्याला ‘मूळ’ म्हटले जाते ते गीतही एक संक्षेप आहे, आणि तो विचारपूर्वक केलेला आहे. जेरुसलेमचा उल्लेख गेल्यामुळे ‘झायन’ हे नाव गीतात एकटे उरते. ते भूगोलापासून सुटते आणि दुसऱ्या भूमीसाठी मोकळे होते.

ती भूमी म्हणजे आफ्रिका, विशेषतः इथिओपिया. २ नोव्हेंबर १९३० रोजी रास तफारी यांचा ‘हैले सेलासी’ या नावाने सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला. त्यानंतर जमैकातील गरीब कृष्णवर्णीयांत जो रास्ताफारी पंथ उदयास आला, त्याने सेलासींना ईश्वरी अवतार मानले. या पंथाच्या भाषेत ‘बॅबिलॉन’ म्हणजे गुलामगिरीतून निर्माण झालेली आणि वसाहतवाद संपल्यानंतरही पोलीस, न्यायालये व मालकवर्ग यांच्या रूपाने टिकून राहिलेली दमनव्यवस्था. ‘झायन’ म्हणजे आफ्रिका. मेलोडियन्सनी हे सारे दोन ठिकाणच्या अगदी लहान बदलांनी गीतात आणले. परक्या भूमीत ‘परमेश्वराचे’ गाणे कसे गावे, या प्रश्नात परमेश्वराच्या जागी ‘किंग अल्फा’ आला. पंथीय परिभाषेत हे सेलासींचे नाव आहे. अखेरच्या प्रार्थनेतील संबोधनाच्या जागी ‘फार-आय’, म्हणजे रास तफारी या नावाचेच पंथीय उच्चारण, आले. शब्दसंख्येने पाहिले तर हा बदल नगण्य होय. अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर संपूर्ण स्तोत्र बॅबिलोनियातून उचलून किंग्स्टनच्या वस्तीत आणून ठेवले गेले.

त्या काळी असे करणे निर्धोक नव्हते. एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथील हिंसक घटनेनंतर शासनाने रास्ताफारी लोकांची मोठ्या प्रमाणावर धरपकड केली, त्यांना मारहाण झाली, त्यांच्या जटा कापण्यात आल्या. या प्रकरणी जमैकाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमायाचना केली, ती २०१७ मध्ये, म्हणजे ५४ वर्षांनी. १९६६ मध्ये पश्चिम किंग्स्टनमधील बॅक-ओ-वॉल ही वस्ती बुलडोझरने पाडण्यात आली. तेथे अनेक रास्ताफारी राहत असत. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांना जमैकात परतण्यास मनाई झाली आणि किंग्स्टनमध्ये दंगल उसळली. या पार्श्वभूमीवर १९७० मधील गीतातून सेलासींचे नाव घेणे ही केवळ भक्ती नव्हती.

ब्रेंट डाव यांनी नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार, गीत राज्यविरोधी ठरवून त्याच्या प्रसारणावर प्रारंभी बंदी घालण्यात आली. निर्माते लेस्ली काँग यांनी तिला उत्तर दिले ते बायबलच्या आधारे. जे शब्द देशातील ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या गात आले, त्यांवर बंदी कशी घालता येईल, हा त्यांचा युक्तिवाद होता. बंदी उठली आणि गीत जमैकात लोकप्रियतेच्या अग्रस्थानी गेले. १९७२ मध्ये पेरी हेन्झेल यांच्या ‘द हार्डर दे कम’ या चित्रपटाच्या गीतसंग्रहातून ते देशाबाहेर पोहोचले. बंडखोर शब्द सरकारच्या हातून सुटले, ते ग्रंथाच्या आडोशाने. १९७८ मध्ये या आडोशाचेच काय झाले, ते आता पाहू.

फ्रँक फॅरियन यांची आवृत्ती

मधल्या काळातील पुनर्गायनांपैकी लिंडा रॉनस्टॅट यांचे १९७६ मधील गायन एका मिनिटाहूनही लहान आहे. गीताच्या इतिहासात त्याने फारसा फरक पडला नाही. खरा फरक पडला तो फ्रँक फॅरियन (१९४१–२०२४) या जर्मन निर्मात्यामुळे.

बोनी एमचा आवाज हा पुष्कळ अंशी ध्वनिमुद्रण-कक्षात घडविलेला आवाज होता. मंचावर चार कलावंत दिसत. ध्वनिमुद्रणात लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट यांच्याबरोबर स्वतः फॅरियन यांचा आवाज असे. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’मध्ये त्यांनी मेलोडियन्सच्या संथ, काहीशा थकलेल्या त्रिस्वरी मेळाऐवजी विस्तीर्ण समूहस्वर आणला आणि ताल ठाम, सहज पाय धरणारा केला. मेलोडियन्सचे गायन ऐकताना तीन माणसे एका खोलीत बसली आहेत असे वाटते. बोनी एमचे ऐकताना एक सभागृह भरलेले असते. हा बदल निकृष्ट आहे असे म्हणणे अवघड आहे. आवाजांची योजना कुशल आहे आणि लिझ मिचेल यांच्या गायनात खरा भक्तिभाव आहे.

मात्र शब्दांत दोन बदल झाले. ‘किंग अल्फा’ जाऊन त्याच्या जागी पुन्हा परमेश्वर आला. शेवटच्या प्रार्थनेतील ‘फार-आय’ गेला आणि त्या जागी ‘येथे, आज रात्री’ अशा अर्थाचे शब्द आले. पहिल्या बदलाचे समर्थन करता येते. बायबलमध्ये जे होते तेच परत आणले, असे फॅरियन म्हणू शकले असते. १९७० मध्ये ज्या ग्रंथाने गीताला वाचविले, त्याच ग्रंथाच्या आधारे १९७८ मध्ये ते निर्विष झाले. दुसऱ्या बदलाला मात्र तेवढाही आधार नाही. जेथे सम्राटाचे नाव होते तेथे कार्यक्रमाची वेळ आली. प्रार्थना ज्याला उद्देशून आहे तो निघून गेला आणि श्रोतृवर्ग येऊन बसला. पकडून आणणारे करमणुकीसाठी गाणे मागतात, हा स्तोत्रातला प्रसंग येथे नकळत पुन्हा घडला. मिचेल आणि बॅरेट या दोघींचाही जन्म जमैकातला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही विसंगती अधिक बोचते. श्रेयनामावलीतही डाव आणि मॅक्नॉटन यांच्या जोडीला फॅरियन आणि त्यांचे सहकारी रेयम यांची नावे आली.

३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशद्वेषी नॅशनल फ्रंटच्या विरोधात ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’चा मोठा मेळावा झाला, त्यात ‘स्टील पल्स’ हा कृष्णवर्णीय रेगे समूह गायला. त्यानंतर पंधरवडाही उलटला नाही तोच बोनी एमचे गीत ब्रिटिश लोकप्रियता-यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि पाच आठवडे तेथे राहिले. ब्रिटनमध्ये त्याच्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. ज्या महिन्यांत लंडनमधील कॅरिबियन तरुण पोलिसांना ‘बॅबिलॉन’ म्हणत होते, त्याच महिन्यांत हा शब्द घरोघरच्या रेडिओवर वाजत होता आणि कोणाला त्याचा त्रास होत नव्हता.

शब्द बदलल्याने गीत बोथटच होते, असा नियम मात्र काढता येत नाही. हैले सेलासी यांनी ४ ऑक्टोबर १९६३ रोजी संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणावरून घडलेले ‘वॉर’ हे गीत मार्ली यांनी १९७६ मध्ये गायिले. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी आयरिश गायिका शिनेड ओ’कॉनर यांनी ते अमेरिकन दूरचित्रवाणीवर वाद्यांविना गायिले. वर्णभेदाविषयीच्या शब्दांच्या जागी त्यांनी बालकांवरील अत्याचाराचा उल्लेख केला आणि शेवटी पोपचे छायाचित्र फाडले. पुढच्या पंधरवड्यात न्यूयॉर्कमधील एका मैफलीत प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली. आयर्लंडमधील चर्चसंस्थांतील अत्याचारांचे शासकीय अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ओ’कॉनर यांनी शब्द बदलले ते गीताला नवा प्रतिपक्ष देण्यासाठी. फॅरियन यांच्या बदलांमुळे गीताला प्रतिपक्षच उरला नाही.

रामल्ला, २०१०

आणि तरीही गीत पूर्णपणे निर्विष झाले असे म्हणता येत नाही. जुलै २०१० मध्ये मेझी विल्यम्स यांच्या नेतृत्वाखालील बोनी एमचा कार्यक्रम पॅलेस्टिनी प्रदेशातील रामल्ला येथे आंतरराष्ट्रीय महोत्सवात झाला. आयोजकांनी ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ न गाण्याची विनंती केली आणि समूहाने ती मान्य केली. झायनच्या आठवणीने रडणारे यहुदी बंदिवान हे त्या ठिकाणी निरुपद्रवी नृत्यगीताचे पात्र होऊ शकत नव्हते.

या प्रसंगाकडे वृत्तपत्रांनी एक गंमत म्हणून पाहिले. डिस्कोचे गाणेसुद्धा चालत नाही, असा त्या वृत्तांचा सूर होता. परंतु संहितेच्या दृष्टीने पाहिले तर आयोजकांचे वाचन चुकीचे नव्हते. मेलोडियन्सच्या गीतात ‘झायन’ला ‘किंग अल्फा’ने इथिओपियाशी बांधून ठेवले होते. तो दुवा १९७८ मध्ये काढून टाकल्यावर झायन पुन्हा मोकळा झाला; आणि मोकळा शब्द जेथे जाईल तेथील इतिहास धारण करतो. युरोपातल्या नृत्यगृहांत त्याला काहीच अर्थ नव्हता. रामल्लात मात्र त्याला अर्थ होता, आणि तो फार जवळचा होता. सेलासींच्या नावासह हे गीत तेथे गायिले गेले असते, तर आयोजकांनी हरकत घेतलीच नसती, असे खात्रीने म्हणता येणार नाही. परंतु ज्या संहितेवर त्यांनी हरकत घेतली ती फॅरियन यांची होती. त्यांनी कोणाच्याच विरोधात जाऊ नये म्हणून जी तयार केली, तिच्यामुळेच त्यांच्या समूहाला या एका गावी आपले सर्वांत गाजलेले गीत वगळून कार्यक्रम करावा लागला. डाव यांचे चार वर्षांपूर्वी, २००६ मध्ये, निधन झाले होते. स्वतःच्या देशात बंदी सोसलेल्या या गीतावर परदेशात आलेली ही दुसरी मनाई त्यांनी पाहिली नाही.