‘ॲब्यूज’ म्हणजे शिवीगाळ नव्हे

‘इन्सल्ट’, ‘क्रुएल्टी’ आणि ‘ॲब्यूज’ हे तीन इंग्रजी शब्द मराठी तक्रारअर्जांत बहुधा ‘शिवीगाळ’ आणि ‘छळ’ या दोनच शब्दांत कोंबले जातात. माझा आक्षेप त्याला आहे. कायद्याच्या मूळ मसुद्यात तिघांची कामे वेगळी आहेत. भारतीय दंड संहितेच्या कलम ५०४ मधला ‘इन्सल्ट’ हेतूला बांधलेला : समोरच्याने चिडून शांतताभंग करावा म्हणून केलेला अपमान. १९८३ मध्ये आलेल्या ४९८-अ मधली ‘क्रुएल्टी’ परिणामाला किंवा मागणीला बांधलेली : आत्महत्येकडे ढकलण्याजोगे वर्तन, किंवा पैशा-मालमत्तेसाठी लावलेला जाच. न्याय संहितेत कलमांचे आकडे बदलले, हे शब्द राहिले.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला ‘ॲब्यूज’ याहून रुंद आहे. त्याचे लॅटिन मूळ ‘गैरवापर’ सांगते. नात्याने मिळालेल्या अधिकाराचा गैरवापर, असा अर्थ मी लावतो. म्हणून तो एकही शिवी न देता होतो. मूल किंवा मुलगा नाही म्हणून केलेली हेटाळणी या कायद्याने त्यात स्पष्ट शब्दांत घातली आहे. तिथे ‘शिवीगाळ’ लिहिले, की पुढचा प्रश्न ठरलेला : कोणती शिवी दिली? बाईकडे उत्तर नसते आणि तक्रार लुळी पडते.

मराठीत शब्दांची वानवा नाही. ‘इन्सल्ट’ला अपमान, ‘क्रुएल्टी’ला क्रूर वागणूक आणि ‘ॲब्यूज’ला छळ म्हणावे. शिवीगाळ हा छळाचा एक प्रकार आहे, त्याचे दुसरे नाव नव्हे.